पत्ता बरोबर, पोच नाही

संगणकाच्या क्षेत्रात बिघाडाचे दोन प्रकार आढळतात. एका प्रकारात काहीतरी मोडलेले असते आणि ते मोडले आहे हे पाहणारास पहिल्या दृष्टिक्षेपातच कळते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक अवयव शाबूत असतो, प्रत्येकाची नोंद दप्तरी बिनचूक असते, देखरेखीच्या फलकावर हिरव्यावाचून दुसरा रंग दिसत नाही, आणि तरीही ज्या कार्यासाठी हा सारा संभार उभा केला ते कार्य तेवढे घडत नाही. कुबरनेटिसच्या क्लस्टरमध्ये चालू असलेल्या सेवेपर्यंत विनंती न पोहोचणे हा विकार बहुधा या दुसऱ्या प्रकारात मोडतो. आणि म्हणूनच रात्रपाळीवरील अभियंत्यास तो जितका छळतो तितके खरोखरीच्या मोडतोडीचे बिघाड छळीत नाहीत.

या व्यवस्थेची रचना थोडक्यात सांगितल्यावाचून पुढील विवेचन समजणे कठीण जाईल. गूगलने 'बोर्ग' या आपल्या अंतर्गत यंत्रणेच्या अनुभवावरून घडवलेले, कंटेनरांत बांधलेले प्रोग्राम संगणकांच्या समूहावर चालवणारे कुबरनेटिस जून २०१४ मध्ये सर्वांस खुले केले; जुलै २०१५ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती निघाली आणि त्याच सुमारास त्याचा कारभार लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशनकडे सोपवण्यात आला. अनेक संगणकांचा समूह तो क्लस्टर, त्यातील एकेक संगणक तो नोड, आणि नोडवर चालणारा कामाचा लहानात लहान घटक तो पॉड. प्रत्येक पॉडला स्वतःचा आयपी पत्ता असतो, आणि कोणत्याही पॉडला कोणत्याही पॉडशी, मध्ये पत्त्याची अदलाबदल न करता, थेट बोलता यावे हा या व्यवस्थेचा मूळ दंडक आहे. परंतु पॉड हा जातीनेच अल्पायुषी: नोड बंद पडला, नवी आवृत्ती आली, नोडवरील स्मृती अपुरी पडून त्याची हकालपट्टी झाली, की तो जातो आणि त्याच्या जागी दुसरा, दुसऱ्याच पत्त्यासह, जन्माला येतो. जे आज आहे आणि उद्या नाही अशाचा पत्ता लक्षात ठेवून व्यवहार करता येत नाही; सबब 'सर्व्हिस' नावाची एक स्थिर संस्था मध्ये घालण्यात आली, जिचे नाव व पत्ता बदलत नाही आणि जी आलेली विनंती त्या घटकेस हयात असलेल्या एखाद्या पॉडकडे वळवते.

येथपर्यंतचे वर्णन कोणत्याही प्रास्ताविक पुस्तकात सापडते, आणि नेमके याच वर्णनामुळे वाचकाची एक गैरसमजूत होते. सर्व्हिस म्हणजे मध्ये कोठेतरी चालू असलेला एखादा प्रोग्राम, जो विनंत्या घेतो आणि पुढे पाठवतो, असे चित्र मनात उभे राहते. वस्तुस्थिती तशी नाही. सर्व्हिसचा जो पत्ता, ज्याला क्लस्टर-आयपी म्हणतात, तो सामान्य पद्धतीत कोणत्याही संगणकाच्या कोणत्याही जोडणीला दिलेला नसतो; त्या पत्त्यावर कोणी राहत नाही. प्रत्येक नोडवर क्यूब-प्रॉक्सी नावाचा एक कारकून असतो. तो मुख्य दप्तरातील सर्व्हिसांच्या व पॉडांच्या नोंदी सतत वाचतो आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये, बहुशः आयपीटेबल्स या यंत्रणेत, नियम लिहून ठेवतो: अमुक पत्त्यावर, अमुक पोर्टवर जाऊ पाहणारे पॅकेट दिसले, तर त्यावरील पत्ता खोडून अमक्या पॉडचा पत्ता घालावा. पॉड तीन असतील तर पहिल्या नियमावर एक-तृतीयांश संभाव्यता लिहिलेली असते, दुसऱ्यावर एक-द्वितीयांश, आणि तिसऱ्यावर काहीच नाही, कारण पहिल्या दोघांतून जे सुटले ते सारे त्याच्याकडेच जावयाचे. परिणामी तिघांच्या वाट्यास सारखेच काम येते. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर नाव असावे आणि शिवारात मात्र त्या नावाचा माणूस कधीच उभा दिसू नये, तशी सर्व्हिसची स्थिती असते: तिचे अस्तित्व लिखित आहे, आणि जेवढे लिहिले तेवढेच खरे.

हे एकदा ध्यानात आले की अनेक नाहक खटपटी टळतात. सर्व्हिसच्या पत्त्यास पिंग करून पाहणे ही त्यांतील पहिली. आयपीटेबल्सचे नियम विशिष्ट प्रोटोकॉल व विशिष्ट पोर्ट यांपुरतेच लिहिलेले असल्यामुळे पिंगचे पॅकेट कोणत्याच नियमात बसत नाही आणि बहुधा अनुत्तरित राहते; सर्व्हिस उत्तम चालत असतानाही ते अनुत्तरित राहते. उलट क्यूब-प्रॉक्सी आयपीव्हीएस पद्धतीने चालत असेल तर प्रत्येक नोड ते सारे पत्ते एका कृत्रिम जोडणीवर धारण करतो, आणि मग पिंगला उत्तर येते. पण ते विचारणाऱ्याच्याच नोडने दिलेले असते, पाठीमागे एकही पॉड जिवंत नसला तरी येते. म्हणजे एका पद्धतीत नकारास अर्थ नाही आणि दुसरीत होकारास नाही. तपास करावयाचा तर ज्या पोर्टवर सेवा आहे त्याच पोर्टवर, ज्या प्रोटोकॉलने ती बोलते त्याच प्रोटोकॉलने करावा.

आता सर्व्हिसला आपले पॉड कसे कळतात हे पाहू, कारण माझ्या मते निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ येथे आहे. पॉडवर लेबले चिकटवलेली असतात. सर्व्हिसच्या मसुद्यात सिलेक्टर लिहिलेला असतो. ज्या पॉडची लेबले त्या सिलेक्टरशी जुळतात ते त्या सर्व्हिसचे पॉड. दोघांमध्ये यापरते नाते नाही. सर्व्हिस लिहिणाराने 'फ्रंटएंड' लिहिले आणि पॉड लिहिणाराने 'फ्रंट-एंड' लिहिले, तर दोन्ही दस्तऐवज स्वतंत्रपणे निर्दोष ठरतात, दोन्ही विनातक्रार दाखल होतात, सर्व्हिसला पत्ताही मिळतो, पॉड सुखेनैव चालू राहतात, आणि या दोहोंची गाठ कधीच पडत नाही. व्यवस्थेने येथे इशारा द्यावयास नको काय, असा प्रश्न कोणी करील. परंतु आज रिकामी असलेली सर्व्हिस उद्या येणाऱ्या पॉडांची वाट पाहत असू शकते, आणि हा क्रम मुद्दामच मोकळा ठेवलेला आहे. या मोकळीकीची किंमत अशी की जुळणी झाली की नाही हे पाहण्याची जबाबदारी सर्वस्वी माणसावर येते.

ती पाहण्याचे ठिकाण म्हणजे एंडपॉइंट-स्लाइस या नावाची नोंद. सर्व्हिसशी जुळलेल्या पॉडांचे प्रत्यक्ष पत्ते तिच्यात असतात. पूर्वी प्रत्येक सर्व्हिसमागे एकच अखंड यादी असे. हजारो पॉडांच्या क्लस्टरमध्ये एका पॉडच्या जाण्यायेण्याने संपूर्ण यादी सर्व नोडांकडे पुन्हा धाडावी लागे, म्हणून तिचे, सामान्यतः शंभर पत्त्यांपर्यंतचे एक, असे तुकडे करण्यात आले. ही रचना १.२१ या आवृत्तीत स्थिर झाली. तपास करणाराने क्यूबसीटीएल हे क्लस्टरशी बोलण्याचे साधन हाती घेऊन प्रथम हीच नोंद काढावी. ती रिकामी असेल तर लेबल व सिलेक्टर यांचे अक्षरशः, एकेक अक्षर लावून, वाचन करावे. तिच्यात पत्ते आहेत पण ते सिद्ध नाहीत असे दिसले, तर दोष लेबलात नसून रेडिनेस प्रोबमध्ये आहे: पॉड चालू आहे, परंतु 'मी काम घेण्यास तयार आहे काय' या प्रश्नास तो होकारार्थी उत्तर देत नाही, म्हणून त्यास वाटपातून वगळले आहे. आणि पत्ते अपेक्षेपेक्षा अधिक असतील, तर ती सर्वांत फसवी स्थिती समजावी. दोन वेगळ्या संघांनी आपापल्या पॉडांवर 'बॅकएंड' हे एकच लेबल लावले आणि सिलेक्टरही तेवढाच ठेवला, की संकेतस्थळासाठी असलेल्या विनंत्या मधूनमधून भलत्याच प्रोग्रामच्या दारी जाऊन पडू लागतात. दहांतून सहा विनंत्या यशस्वी होतात, चार फसतात, पुन्हा पृष्ठ उघडले की सारे ठीक दिसते; आणि अशा वेळी 'नेटवर्क अस्थिर आहे' हे जे सर्वमान्य निदान केले जाते त्याने दोषाचा तपास काही आठवडे सहज तहकूब होतो. नियमित प्रमाणात येणारे अपयश हे अस्थिरतेचे लक्षण नव्हे. ते कोठेतरी चाललेल्या वाटपाचे लक्षण होय.

पोर्टांची कथा याहून लहान, पण तितकीच उपद्रवी. सर्व्हिसच्या मसुद्यात एक 'पोर्ट' असतो, ज्यावर बाहेरचे येतात, आणि एक 'टार्गेट-पोर्ट' असतो, ज्यावर पॉडमधील प्रोग्राम ऐकतो. ८० वर आलेले ८०८० वर जावे, अशी ही तजवीज. पॉडच्या मसुद्यातही 'कंटेनर-पोर्ट' नावाचा रकाना असतो, परंतु तो केवळ माहितीपुरता. तो भरल्याने पोर्ट उघडत नाही आणि न भरल्याने बंद होत नाही. प्रोग्राम ३००० वर ऐकत असेल तर मसुद्यात ८०८० लिहिल्याने तो ८०८० वर ऐकू लागत नाही, ही गोष्ट सांगण्याचीही आवश्यकता नसावी, पण असते.

याहून सूक्ष्म सापळा आहे तो प्रोग्राम कोणत्या पत्त्यावर ऐकतो याचा. विकासकाच्या मेजावरील संगणकात अनेक प्रोग्राम सुरक्षिततेखातर १२७.०.०.१ या, म्हणजे स्वतःपुरत्या, पत्त्यावरच ऐकतात. तीच मांडणी पॉडमध्ये गेली की प्रोग्राम पॉडच्या आत ऐकतो आणि पॉडबाहेरून आलेल्या प्रत्येकास नकार देतो. यात गंमत अशी की या दोषाची शहानिशा करण्यासाठी बहुतेक जण जे साधन वापरतात तेच त्यास झाकून टाकते. क्यूबसीटीएलमधील पोर्ट-फॉरवर्ड ही सोय विकासकाच्या संगणकावरील एक पोर्ट थेट पॉडशी जोडून देते. परंतु ती जोडणी पॉडच्या नेटवर्कच्या आत शिरून त्याच्या स्वतःपुरत्या पत्त्यावर उतरते, आणि त्यामुळे प्रोग्राम तेथे आनंदाने उत्तर देतो. पोर्ट-फॉरवर्डने चालते, सर्व्हिसने चालत नाही. सबब सर्व्हिस दोषी, असा निवाडा मग दिला जातो आणि निरपराध सर्व्हिसची उलटतपासणी सुरू होते. याच साधनाची दुसरी लबाडी अशी की त्यास सर्व्हिसचे नाव दिले तरी ते सर्व्हिसच्या वाटेने जात नाही. नावावरून त्या सर्व्हिसचा कोणताही एक पॉड निवडते आणि थेट त्याच्याशी जोडणी करते. क्यूब-प्रॉक्सीने लिहिलेल्या नियमांशी त्याचा संबंधच येत नाही. तेव्हा पोर्ट-फॉरवर्ड यशस्वी झाला म्हणजे प्रोग्राम जिवंत आहे एवढेच सिद्ध झाले. सर्व्हिसबद्दल त्याची साक्ष ग्राह्य धरू नये.

यावरून तपासाच्या क्रमाविषयी एक गोष्ट निघते. फिर्याद नेहमी बाहेरून येते: संकेतस्थळ उघडत नाही. म्हणून स्वाभाविक प्रवृत्ती बाहेरून आत जाण्याची होते, आणि बाहेरच्या प्रत्येक टप्प्यावर दहा संशयित भेटतात. त्यापेक्षा आतून बाहेर यावे. प्रथम पॉडच्या आत जाऊन प्रोग्राम स्वतःच्या पोर्टवर बोलतो काय ते पाहावे. मग दुसऱ्या पॉडातून त्याच्या पॉड-पत्त्यावर विचारावे. मग सर्व्हिसच्या पत्त्यावर. मग सर्व्हिसच्या नावाने. आणि शेवटी क्लस्टरच्या वेशीबाहेरून. ज्या दोन पायऱ्यांच्या दरम्यान उत्तर बंद होते तेथेच दोष, त्याच्या अलीकडे नाही व पलीकडेही नाही. पूर्वी या क्रमात एक व्यावहारिक अडचण असे. पॉडच्या प्रतिमा इतक्या कृश करतात की त्यांत शेल नसतो, कर्ल नसते, काहीच नसते. तपासनीस आत जाणार कसा? १.२५ या आवृत्तीत, म्हणजे २०२२ मध्ये, तात्पुरता कंटेनर जोडण्याची सोय पक्की झाली. क्यूबसीटीएलच्या डीबग या आज्ञेने आपली हत्यारे असलेला कंटेनर चालू पॉडच्या नेटवर्कमध्ये उतरवता येतो आणि मूळ प्रोग्रामला धक्का लागत नाही.

विचारलेल्या प्रश्नास मिळणारा नकार कोणत्या जातीचा आहे याकडेही लक्ष असावे. 'जोडणी नाकारली' असे तत्काळ उत्तर आले तर पॅकेट कोठेतरी पोहोचले आणि कोणीतरी ते बुद्धिपुरस्सर परतवले. पॉड-पत्त्यावरून असे झाले तर त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही; सर्व्हिसच्या पत्त्यावरून झाले तर एंडपॉइंटची यादी रिकामी असण्याचा संभव, कारण रिकाम्या सर्व्हिससाठी क्यूब-प्रॉक्सी नकाराचाच नियम लिहितो. याउलट पुष्कळ वेळ काहीच घडले नाही आणि अखेर मुदत संपली, तर पॅकेट मध्येच गिळले गेले: एखाद्या नेटवर्क-पॉलिसीने, फायरवॉलने, किंवा चुकलेल्या मार्गाने. नाव सापडत नाही असे उत्तर आले तर पुढचे सारे प्रश्न गैरलागू. गाठ नामव्यवस्थेशी आहे.

ही नामव्यवस्था म्हणजे डीएनएस, आणि १.१३ या आवृत्तीपासून क्लस्टरमध्ये ती सामान्यतः कोअर-डीएनएस नावाचा प्रोग्राम सांभाळतो; क्यूबएडीएम या साधनाने उभारलेल्या क्लस्टरांत त्याचा पत्ता सामान्यतः १०.९६.०.१० असतो, आणि तोही एका सर्व्हिसचाच पत्ता असल्यामुळे वर सांगितलेले सारे रोग त्यालाही होऊ शकतात. एकाच नेमस्पेसमधील, म्हणजे क्लस्टरच्या नावांसाठी पाडलेल्या एकाच विभागातील, सर्व्हिस नुसत्या नावाने सापडते. दुसऱ्या नेमस्पेसमधील हवी असेल तर 'पेमेंट्स' एवढे पुरत नाही, 'पेमेंट्स.अकाउंट्स' असे नेमस्पेससह म्हणावे लागते. ही सोय ज्या युक्तीने साधली आहे ती मात्र महाग पडते. प्रत्येक पॉडच्या नामशोधाच्या सूचनापत्रात शेपट्यांची एक यादी असते आणि 'एनडॉट्स' या मथळ्याखाली पाच हा अंक असतो; त्याचा अर्थ असा की ज्या नावात पाचांहून कमी टिंबे आहेत ते अपुरे समजावे आणि प्रथम त्यास यादीतील एकेक शेपटी जोडून पाहावे. बाहेरच्या जगातील बहुतेक नावांत दोन किंवा तीन टिंबे असतात. म्हणून बाहेरच्या एखाद्या संकेतस्थळाचे नाव विचारले की किमान तीन निष्फळ चौकशा आधी होतात, आणि प्रत्येक चौकशी जुन्या (आयपीव्ही४) व नव्या (आयपीव्ही६) अशा दोन्ही प्रकारच्या पत्त्यांसाठी होत असल्यामुळे त्यांच्या सहा होतात. नावाच्या अखेरीस एक टिंब दिले की ते पूर्ण समजले जाते आणि हा सारा फेरा चुकतो. एका टिंबाने एवढे काम केल्याचे उदाहरण विरळाच.

याच जोड-चौकशीतून एक असा रोग उद्भवला, ज्याने काही वर्षे जगभरच्या अभियंत्यांना चकवले. लक्षण विलक्षण नेमके होते: बहुतेक विनंत्या काही मिलिसेकंदांत पुऱ्या होत, आणि मधूनच एखादीस बरोबर पाच सेकंद लागत. चार नव्हे, सहा नव्हे. जुन्या व नव्या पत्त्यांच्या दोन्ही चौकशा एकाच सॉकेटमधून जवळजवळ एकाच क्षणी निघत. दोहोंवरील गंतव्य पत्ता बदलताना कर्नल 'कॉनट्रॅक' नावाच्या वहीत नोंद करू पाहे. दोन्ही नोंदी एकाच जागेसाठी भांडत आणि जी हरे तिचे पॅकेट निमूटपणे टाकून दिले जाई. विचारणारा उत्तराची वाट पाहत राही आणि जीलिबसी या मूलभूत ग्रंथालयात ठरवून दिलेली प्रतीक्षेची मुदत, म्हणजे पाच सेकंद, संपली की पुन्हा विचारी. या वेळी उत्तर मिळे. डीएनएसच्या सर्व्हरकडे चौकशी पोहोचतच नसल्यामुळे त्याच्या नोंदवहीत दोषाचा मागमूस नसे. पुढे कर्नलमध्ये दुरुस्त्या झाल्या, आणि प्रत्येक नोडवरच नावांचा एक स्थानिक साठा ठेवण्याची नोडलोकल-डीएनएसकॅश ही व्यवस्था १.१८ मध्ये स्थिर झाली, जिच्यामुळे हे पत्ताबदलाचे प्रकरणच टळते. या रोगाची आठवण एवढ्यासाठी ठेवावी की कालावधी वाटोळ्या अंकात आला, पाच, दहा, तीस, साठ सेकंद असा, तर तो अंक कोणीतरी कोठेतरी लिहून ठेवलेला असतो. भार वाढल्याने होणारा विलंब इतका नेटका नसतो.

(नामशोधाच्या परीक्षेसाठी बिझीबॉक्सची छोटी प्रतिमा वापरण्याचा प्रघात आहे, परंतु तिच्या काही आवृत्त्यांतील एनएसलुकअप हे साधन स्वतःच विश्वसनीय नाही, आणि म्हणून अधिकृत दस्तऐवजांतील उदाहरणांत अद्यापि १.२८ ही तिची जुनी आवृत्ती आग्रहाने लिहिलेली आढळते. ज्या साक्षीदाराच्या भरवशावर निवाडा करावयाचा त्याची पारख आधी केलेली बरी.)

नेटवर्क-पॉलिसी हा बंदोबस्ताचा विषय. मुळात क्लस्टरमध्ये कोणालाही कोठेही जाण्याची मुभा असते; एखाद्या पॉडला लागू पडणारी पहिली पॉलिसी आली, की त्या दिशेने जेवढ्यास स्पष्ट परवानगी लिहिली तेवढेच चालते व बाकी सारे बंद होते. बाहेर जाणाऱ्या वाहतुकीवर असा निर्बंध घालणारे बहुतेक लोक आपल्या डेटाबेसचा पोर्ट लक्षात ठेवतात आणि ५३ हा डीएनएसचा पोर्ट विसरतात. मग डेटाबेसची वाट मोकळी असूनही त्याचे नाव विचारण्याची सोय उरत नाही, आणि फिर्याद येते ती डेटाबेस बंद असल्याची. याच्या अगदी उलट स्थितीही संभवते, आणि ती अधिक चिंताजनक मानावी: पॉलिसी लिहिली, दाखल झाली, यादीत दिसते, पण तिची अंमलबजावणी करणारे कोणी नाही. पॉलिसीचा अंमल नेटवर्क पुरवणाऱ्या प्लगइनकडे असतो; कॅलिको आणि सिलियम तो करतात, नुसते फ्लॅनेल करीत नाही, आणि करीत नाही हे ते सांगतही नाही. कागदोपत्री बंद असलेले दार वर्षभर सताड उघडे राहिल्याची फिर्याद कोणीच करीत नाही, कारण त्याने कोणाचीच अडवणूक होत नाही.

कधी एकाच नोडवरील पॉड परस्परांशी उत्तम बोलतात आणि दोन नोडांवरील मात्र बोलत नाहीत. तेव्हा दृष्टी नोडांच्या मधल्या प्रदेशाकडे वळवावी. पुष्कळ प्लगइनांत पॉडचे पॅकेट दुसऱ्या पॅकेटच्या लिफाफ्यात घालून नोडाकडून नोडाकडे धाडतात. व्हीएक्सलॅन पद्धतीत हा लिफाफा यूडीपीचा असतो, आणि फ्लॅनेल त्यासाठी लिनक्सवर ८४७२ हा पोर्ट वापरते. नोडांच्या फायरवॉलमध्ये तो बंद असला की सर्व लिफाफे वाटेतच हरवतात. हे निदान तुलनेने सोपे. कठीण आहे ते आकाराचे. या लिफाफ्याचे स्वतःचे वजन ५० बाइट. तेव्हा मूळ वाटेवर १५०० बाइटांपर्यंतचे पॅकेट जात असेल तर पॉडने १४५० हून मोठे पाठवू नये. हा हिशेब चुकला आणि मार्गातील यंत्रांनी 'पॅकेट फार मोठे आहे' हा निरोपही अडवला, तर लहान पॅकेटे सुखरूप जातात आणि मोठी नाहीशी होतात. पिंग चालतो, जोडणी होते, लहानशी विनंती उत्तर आणते. आणि टीएलएसच्या हस्तांदोलनात सर्व्हरने आपले लांबलचक प्रमाणपत्र पाठवले की संभाषण गोठते. अशा वेळी प्रमाणपत्रावर संशय घेणारे पुष्कळ भेटतात. ठरावीक आकाराची, तुकडे न करण्याची सूचना दिलेली पॅकेटे धाडून पाहिली, की कोणत्या अंकापाशी वाट बंद होते हे काही मिनिटांत कळते.

क्लस्टरच्या वेशीवरील दोषांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण ते बहुधा स्वतःच बोलतात. लोडबॅलन्सर प्रकारची सर्व्हिस मागितली आणि बाह्य पत्त्याच्या जागी 'पेंडिंग' हा शब्द ठाण मांडून बसला, तर तो पत्ता देणारे कोणी क्लस्टरमध्ये नाही. क्लाउडमध्ये तो पुरवठादार देतो, स्वतःच्या यंत्रांवर मेटलएलबीसारखे काही बसवावे लागते. बाहेरच्या विनंत्या यजमान-नाव व मार्ग पाहून सर्व्हिसांकडे वळवणाऱ्या इंग्रेसचा मसुदा दाखल केला पण इंग्रेस कंट्रोलर बसवलाच नाही, तर तो मसुदा नुसता पडून राहतो. कंट्रोलरकडून ४०४ आला तर यजमान-नाव किंवा मार्ग जुळला नाही. ५०३ आला तर बहुधा पाठीमागे सिद्ध पॉड नाही. ५०२ आला तर पॉड आहे पण संभाषण बिनसले. ५०४ आला तर पॉडने वेळेत उत्तर दिले नाही. एकच गोष्ट सांगण्याजोगी: येणाऱ्याचा मूळ आयपी पत्ता जपण्यासाठी 'एक्स्टर्नल-ट्रॅफिक-पॉलिसी' हा रकाना 'लोकल' केला, की ज्या नोडवर त्या सर्व्हिसचा पॉड नाही तो नोड आलेले पॅकेट पुढे न देता टाकून देतो. ३०००० ते ३२७६७ या मर्यादेतील, नोडांच्याच पत्त्यांवर उघडणारा नोडपोर्ट एका नोडवरून चालतो आणि शेजारच्यावरून चालत नाही, हे कोडे पुष्कळदा या एका शब्दाने सुटते.

लेबलाच्या एका शब्दाची पोच किती दूरवर जाते याचे प्रसिद्ध उदाहरण १४ मार्च २०२३ चे आहे. त्या दिवशी रेडिट हे अमेरिकेतील महाकाय संकेतस्थळ ३१४ मिनिटे बंद पडले. पाय (π) या गणिती स्थिरांकाच्या दिवशी त्याचेच अंक पडावेत हा योगायोग त्यांच्या अभियंत्यांच्याही नजरेतून सुटला नाही, आणि त्यांनी पुढे त्या घटनेचा सविस्तर पंचनामा स्वतःच प्रसिद्ध केला. कुबरनेटिस १.२३ वरून १.२४ वर नेण्याचे काम चालू होते, आणि ते होताच क्लस्टरमधील पॉडांचे परस्परांशी बोलणे थांबले. तेथे कॅलिको चालत असे, आणि कोणता पॉड कोठे आहे ही मार्गांची वार्ता नोडानोडांस पोहोचवण्याचे काम काही वर्षांपूर्वी 'राउट रिफ्लेक्टर' म्हणून नेमलेल्या मोजक्या नोडांकडे होते. हे नोड कोणते, ते ठरत होते एका सिलेक्टरने, आणि त्या सिलेक्टरात नियंत्रक नोडांचे 'मास्टर' हे लेबल लिहिले होते. कुबरनेटिसने त्या शब्दाच्या जागी 'कंट्रोल-प्लेन' हा शब्द १.२० पासूनच आणला होता. मधल्या आवृत्त्यांत दोन्ही लेबले शेजारी शेजारी नांदली, आणि १.२४ ने जुने काढून टाकले, चालू क्लस्टरांवरूनही. सिलेक्टर जसाच्या तसा राहिला, नोड जसेच्या तसे राहिले, आणि सिलेक्टरशी जुळणारा एकही नोड उरला नाही.

कुबरनेटिसमध्ये वर नेलेली आवृत्ती पुन्हा खाली आणण्याची अधिकृत वाट नसल्यामुळे साठवून ठेवलेल्या प्रतीवरून क्लस्टरचे नियंत्रण नव्याने उभे करणे हाच मार्ग उरला; आणि त्या कामाची लेखी कृती तेव्हाची होती जेव्हा त्यांचे कंटेनर डॉकरवर चालत, पुढे तेही बदलले होते, म्हणून एकेक आज्ञा चालता चालता दुरुस्त करावी लागली. संकेतस्थळ अशा रीतीने सुरू झाले तेव्हा ते का बंद पडले होते हे अद्याप कोणासच ठाऊक नव्हते. ते लेबल सापडले ते नंतर, नोंदवह्या शांतपणे चाळताना.